पत्ते पिसण्याआधी दोन वह्या करा

खापर, अक्कलकुवा, तळोदा या पट्ट्यातून एकाच धाटणीचे प्रश्न सारखे येत आहेत. विचारणारे बहुतेक विशीतले. कोणी चित्रं काढतं, कोणी शाळेत शिकवतं. स्वतःच्या सुपरहिरोंचा पत्त्यांचा खेळ डोक्यात तयार आहे, व्हॉट्सॲपवर शे-दोनशे चाहते जमलेत, ते पैसे द्यायला तयार आहेत आणि ‘आमचाही एक हिरो घाला’ म्हणून मागे लागलेत. इथवर सगळं झकास. मग गाडी अडते. हे पैसे देणगी की भांडवल? हिरो सुचवणाऱ्याचा खेळात वाटा किती? घरच्यांचा प्रश्न तर तिसराच: पत्त्यांसाठी पैसे गोळा करणार? पोलीस येतील!

घरच्यांची भीती आधी घालवू. जुगाराचा कायदा (आपल्याकडे १८८७ चा) पैसे लावून खेळण्याच्या आड येतो. पत्ते छापण्याच्या किंवा विकण्याच्या नाही. तरी एक पथ्य पाळा. नियमपत्रकात कुठेही नाणी, बोली, ‘लावणं’ असे शब्द नकोत, आणि स्पर्धा घेतलीत तर प्रवेश फी जमवून त्यातूनच रोख बक्षीस देऊ नका. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे १२० पत्ते, दर अवताराचे १२. शक्ती असलेल्या नायकांचे पत्ते आपल्याकडे जुनेच आहेत, हे आजोबांना सांगून बघा.

उरलेल्या दोन प्रश्नांना एकच उत्तर आहे: दोन वह्या करा. एक पैशांची, दुसरी कल्पनांची. पैसे दिले म्हणून कोणी खेळाचा मालक होत नाही, आणि कल्पना दिली म्हणजे पैसे भरले असंही होत नाही. या दोन गोष्टी एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कालवल्या की भांडण ठरलेलं.

पहिली वही: हे पैसे कसले?

क्राउडफंडिंग हा शब्द नवा, व्यवहार जुना. मराठी प्रकाशक मोठ्या ग्रंथासाठी प्रकाशनपूर्व सवलत देऊन आगाऊ नोंदणी घेत आले आहेत. तुमचाही व्यवहार तोच. शेजारच्या गुजरातेत पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ (१९७६) उभा केला, ती गोष्ट वेगळी. तिथे शेतकरी निर्माते होते, तुमचे चाहते ग्राहक आहेत.

हा फरक कागदावर दिसला पाहिजे. २०१९ च्या केंद्रीय कायद्यानं अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आहे आणि राज्यात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम केंद्रीय कायद्यात ‘ठेव’ धरली जात नाही, मात्र माल दिला नाही तर ती परत करायची असली पाहिजे. म्हणून आवाहनात एवढं असू द्या:

- एका संचाची किंमत, पत्ते किती, डबीत आणखी काय.
- किमान किती नोंदण्या झाल्या तरच छपाई होईल, आणि त्यासाठीची शेवटची तारीख.
- तेवढ्या न झाल्यास किती दिवसांत पूर्ण पैसे परत.
- संच घरी पोचण्याचा अंदाजे महिना.

आणि हे शब्द चुकूनही नकोत: ‘गुंतवणूक’, ‘नफ्यात वाटा’, ‘दुप्पट परत’, ‘भागीदार’. जनतेकडून असं भांडवल गोळा करायला सेबीची मोकळीक नाही. ‘देणगी’ही टाळा, विशेषतः परदेशातून पैसे येणार असतील तर. मालाची किंमत म्हणून आलेले पैसे हा व्यापार; देणगी म्हणून आलेले पैसे विदेशी अंशदानाच्या कायद्यात जाऊन बसू शकतात. त्यातून बाहेर पडायला तुम्हाला खेळ बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागेल.

कुठे गोळा कराल?

‘किकस्टार्टरवर टाकू का?’ असं निम्मे वाचक विचारतात. किकस्टार्टर या परदेशी क्राउडफंडिंग संकेतस्थळावर ठरलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, ही पद्धत उत्तम. कंपनी ५ टक्के घेते, शिवाय पैसे वळते करण्याचं शुल्क. अडचण अशी की मोहीम चालवण्यासाठी ज्या देशांतले रहिवासी चालतात त्यांत भारत नाही. मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबचा ‘शासन’ हा राजकारणाचा खेळ २०१९ मध्ये तिथे उभा राहिला, पण ती एका संस्थेची ताकद होती. ‘न्यू जर्सीच्या मावसभावाच्या नावानं करू’ असा मार्ग निघतो खरा. मात्र मग करार त्याचा, तिथला कर त्याचा आणि संच न पोचल्यास शिव्याही त्यालाच. त्याला हे सगळं आधी सांगा.

केटो, मिलाप ही भारतीय संकेतस्थळं मुख्यतः उपचार आणि सामाजिक कामांसाठी ओळखली जातात. खेळाची जाहिरात तिथे ऑपरेशनच्या आवाहनांशेजारी बसते, आणि मला ते डोळ्यांना बरं दिसत नाही.

दोन-तीनशे संचांसाठी माझ्या मते सरळ रस्ता बरा: व्यवसायाच्या नावानं वेगळं बँक खातं, त्याचा यूपीआय कोड, एक साधा नोंदणी अर्ज आणि प्रत्येकाला क्रमांक घातलेली पावती. घरच्या बचत खात्यात पैसे घेऊ नका. किराणा, मोटरसायकलचा हप्ता आणि नोंदणीचे पैसे एकदा मिसळले की परत वेगळे होत नाहीत. उद्यम नोंदणी करून घ्या. ती फुकट असते. कोणी पैसे मागितले तर तो एजंट आहे, सरकार नाही.

किंमत ठरवताना

खालचे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत, तुमचे दर तुम्ही आणा. ३०० संच, प्रत्येकी ४९९ रुपये.

- पत्ते, डबी, नियमपत्रक: २१०
- चित्रकाराचं मानधन ४५,००० भागिले ३००: १५०
- पॅकिंग आणि टपाल: ७०
- खराब निघालेले, हरवलेले, ‘पोचलाच नाही’ म्हणणारे यांच्यासाठी ५ टक्के: साधारण २२
- ४९९ मधला ५ टक्के जीएसटी: साधारण २४

बेरीज ४७६. हातात उरले २३, आणि यात तुमची दीड वर्षाची रात्रपाळी धरलेलीच नाही. आता हाच हिशेब २०० संचांवर करा. चित्रकाराचा खर्च संचामागे २२५ होतो, म्हणजे कर आणि नासाडी न धरताच संच ५०५ ला पडतो. प्रत्येक नोंदणीमागे खिशातून पैसे. म्हणूनच ‘किमान इतक्या नोंदण्या’ ही ओळ आवाहनात पाहिजे, आणि आकडा गाठला नाही तर लाज न बाळगता पैसे परत करायचे. चित्रकार मित्र असला तरी त्याचं मानधन शून्य धरू नका. तो पुढच्या वेळी नसेल.

दुसरी वही: चाहत्यांना कुठवर आत घ्यायचं?

इथेच खरी मजा आहे आणि इथेच बहुतेक जण घसरतात. ‘सांगा, कसा हिरो हवा?’ असा मोकळा प्रश्न टाकला की तीनशे उत्तरं येतात, त्यातली अडीचशे म्हणजे ‘जो कधीच मरत नाही’. असा पत्ता ज्याच्या हाती आला त्याच्यासमोर बाकीच्यांनी पत्ते ठेवून चहाला जावं.

चाहत्यांना विचारण्याजोगं: नावं, वेश, बोली, खलनायकाचा स्वभाव, दोन-तीन तयार पर्यायांपैकी आवडता. विचारू नये असं: नियम, गुण, पत्त्यांची संख्या. ते खेळून ठरतं, मतांनी नाही.

एक उदाहरण जवळून बघा. समजा, आठवीतल्या मुलीनं सुचवलं: ‘एक बाई आहे, लाईट गेली की तिची ताकद दुप्पट होते.’ कल्पना फर्मास! आपल्याकडच्या प्रत्येक घराला लगेच कळेल अशी. पण टेबलावर लाईट गेली हे ठरवणार कोण? पहिल्या चाचणीत ज्याच्याकडे तो पत्ता असेल तो दर फेरीला म्हणेल, ‘गेली बघ लाईट.’ मग तुम्ही गठ्ठ्यात ‘लाईट गेली’ आणि ‘लाईट आली’ असे दोन-दोन पत्ते घालता. दुसऱ्या चाचणीत दिसतं की ‘आली’ लवकर निघाला तर बाई डावभर निकामी. मग नियम होतो: ‘लाईट गेली’ पडल्यापासून दोन फेऱ्या अंधार, त्यात बाईची ताकद ३ ऐवजी ६, आणि बाकी सगळ्यांनी पत्ते पालथे ठेवून खेळायचं. ‘आली’चे पत्ते गेलेच. कल्पना मुलीची, नियम तुमचा. वहीत दोन्ही नोंदी तारखेसह हव्यात, कारण पत्ता गाजला की सुचवणारे चौघे निघतात.

चाचणीसाठी छापखाना लागत नाही. पत्त्यांचा जुना कॅट घ्या, कागदाचे तुकडे लिहा, एकेक पत्ता आणि एकेक तुकडा मिळून प्लॅस्टिकच्या कव्हरात सरकवा. नियमपत्रक खेळणाऱ्यांच्या हाती द्या आणि गप्प बसा. हे फार अवघड जातं. ते चुकीचं खेळायला लागले तरी बोलायचं नाही. कुठल्या ओळीपाशी अडले तेवढं टिपायचं. डबीसोबत तुम्ही प्रत्येकाच्या घरी जाणार नाही आहात.

मतं फक्त मोबाईलवर घेऊ नका. मोलगी, धडगावच्या बाजूला रेंजचा भरवसा नाही, आणि ऑनलाइन मतदानात तुमचेच चुलतभाऊ चार-चार मतं टाकतात. खापरच्या बाजारात एक टेबल, दोन पर्यायांची चित्रं आणि दोन डबे ठेवा. एकाला एक मक्याचा दाणा. काळ निवडायचा तर होळीच्या आसपासचा. गुजरातेत कामाला गेलेले लोक तेव्हा गावी परततात, काठी गावच्या होळीला सगळा डोंगर लोटतो, आणि देहवाली, पावरी, अहिराणी बोलणारी मंडळी एका जागी भेटतात. पत्त्यावरचा एखादा शब्द कुठल्या बोलीत भलताच निघतो, हे तिथेच कळतं.

आणखी एक युक्ती बाहेरची. ‘एक्सप्लोडिंग किटन्स’ या अमेरिकी पत्त्यांच्या खेळाला २०१५ मध्ये किकस्टार्टरवर २,१९,३८२ जणांनी मिळून ८७ लाख डॉलरहून अधिक दिले. तिथे जादा बक्षिसं नुसत्या रकमेवर टांगली नव्हती; चाहत्यांना वेश करून फोटो काढण्यासारखी वात्रट कामं दिली होती. यात खर्च शून्य. उलट ‘अजून ५० नोंदण्या झाल्या तर १० पत्ते जादा’ अशी घोषणा तुमचा छपाईचा हिशेब पहिल्याच आठवड्यात मोडते.

हिरो कोणाचा?

- उसने हिरो नकोत. नागराज, शक्तिमान, वेताळ, स्पायडरमॅन, सगळ्यांना मालक आहेत. ‘नाव थोडं बदललं’ हा बचाव नाही. लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. २०११ मध्ये आलेल्या ‘सेंटिनल्स ऑफ द मल्टिव्हर्स’ या खेळाच्या कर्त्यांनी सगळे हिरो स्वतः घडवले, वर त्यांचा एक काल्पनिक कॉमिक्स-इतिहासही रचला. अमेरिकेत तर ‘सुपरहिरो’ हा शब्दच मार्व्हल आणि डीसी यांच्या संयुक्त ट्रेडमार्कखाली होता. तो २०२४ मध्ये रद्द झाला.
- महाराजांचा पत्ता. प्रत्येक यादीत येतो. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र १९५० च्या बोधचिन्हं-नावांच्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. व्यापारासाठी केंद्र सरकारची आधी परवानगी लागते.
- देव. याहामोगी, राजा पांठा यांच्या कथांवर कॉपीराइट नाही, म्हणून त्या मोकळ्या आहेत असं समजू नका. देवमोगऱ्याला याहामोगीचा नवस फेडायला जाणाऱ्या माणसाला आपल्या देवीवर ‘हल्ला: ७’ लिहिलेलं बघून काय वाटेल? धार्मिक भावना दुखावण्याचं कलम (भारतीय न्याय संहिता २९९) आहेच, पण माझा आक्षेप त्याआधीचा. डोंगर, महू, पळस, आमचूर, नंदुरबारची मिरची: एवढा ऐवज असताना देवाला पत्त्यात ओढायची गरज नाही.
- सुचवणाऱ्याची चिठ्ठी. नुसती कल्पना कॉपीराइटमध्ये येत नाही. काढून दिलेलं चित्र, लिहिलेली गोष्ट येते. ते वापरायचं तर हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं. त्यात काम कोणतं, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, मोबदला काय, हे लिहा. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं कायदाच धरतो. शिवाय वर्षभरात वापर केला नाही तर हक्क परत जातो, वेगळं लिहिलेलं नसेल तर. मोबदला म्हणून दोन संच चालतील, पण तसं लिहा. चित्रकाराशीही हाच कागद करा, मित्र असला तरी.
- अठराच्या आतले चाहते. त्यांचा करार कायद्यात टिकत नाही. आई-वडिलांची सही घ्या. त्यांना मराठी वाचायला अडचण असेल तर त्यांच्या बोलीत समजावून सांगा. अंगठा घेऊन मोकळे होऊ नका. मुलाचा फोटो, शाळा, फोन नंबर पत्त्यावर किंवा ग्रुपवर टाकू नका. नाव छापायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

सरकारी कागद, थोडक्यात

खापरसारख्या सीमेवरच्या गावात एक खड्डा खास आहे. राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे ऐकून अनेक जण निर्धास्त असतात. पण माल दुसऱ्या राज्यात पाठवला की ही सवलत संपते. सेलंबा खापरहून हाकेच्या अंतरावर, पण ते गुजरात. तिथे किंवा सुरतेच्या मित्राला एक संच कुरिअर केलात तरी नोंदणी लागते. पहिलं पार्सल बांधण्याआधी सीएला भेटा. पत्ते आणि पटावरच्या खेळांवरचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. मालासाठी आगाऊ घेतलेल्या रकमेवर लगेच कर लागत नाही; बिल होतं तेव्हा लागतो.

डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नगांची संख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी म्हणून विकणार असाल तर खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश आणि आयएसआय चिन्हाचा प्रश्न येतो. तो छपाईआधी भारतीय मानक ब्यूरोकडे विचारा. मुलांची चित्रं छापून डबीवर ‘१४+’ लिहिणं ही पळवाट कोणाला पटत नाही. खेळाचं नाव ट्रेडमार्क करायचं तर वर्ग २८. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये. पहिल्या ३०० संचांसाठी ते केलंच पाहिजे असं मला वाटत नाही.

छापखान्यात

माझीच फजिती सांगतो. एका खेळाचे पत्ते छापून आले, गठ्ठा सोडला आणि पहिल्याच पत्त्यावर ‘शक्ती’ची ‘शक् ती’ झालेली. माझ्या संगणकावरचा फॉन्ट छापखान्याच्या संगणकावर नव्हता; जोडाक्षरं फुटली, रफार भलत्या अक्षरावर. मी मोबाईलवर फाईल बघून ‘ओके’ कळवलं होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. तेव्हापासून अक्षरांचे कर्व्ह करून पीडीएफ देतो आणि कागदावरचा प्रूफ हातात आल्याशिवाय होकार देत नाही. तुम्हीही प्रूफ मागा, आणि त्यावर तारीख टाकून सही करा.

नेहमीचा पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटर. कापण्यासाठी सगळीकडून ३ मिलिमीटर जादा धरलं तर १३ बाय १९ इंचांच्या डिजिटल शीटवर १८ पत्ते आरामात बसतात; शीटवर १८ धरले तर ५४ पत्त्यांना बरोबर तीन शीट. पंचावन्नावा पत्ता सुचला तर चौथी शीट लागेल. तो न सुचलेलाच बरा. कागद ३०० जीएसएमच्या आसपासचा घ्या आणि लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी करा. एकाच बाजूनं केलं की सातपुड्याच्या पायथ्याच्या पावसाळ्यात पत्ते पापडासारखे वळतात. वळलेला पत्ता पालथा असला तरी ओळखू येतो, मग खेळ संपलाच.

लग्नसराईत आणि निवडणुकीत गावातला छापखाना तुमचा नसतो. पोचवण्याचा महिना जाहीर करताना ते बघा, आणि छापखान्यानं सांगितलेल्या मुदतीत दीड महिना घाला. एक संच पॅक करून पोस्टात तोलून आणा. वजनाचा टप्पा दहा ग्रॅमनं ओलांडला तरी दर पुढचा लागतो.

पैसे भरणाऱ्यांसाठी

तुम्ही चाहते असाल, तरी ग्राहक आहात. पावती, किमान नोंदण्यांची अट आणि परतीची मुदत लेखी नसेल तर पैसे भरू नका. चार महिने उशीर ही फसवणूक नव्हे. चार महिने गप्प राहणं ही मात्र धोक्याची घंटा.

असे प्रकार बाहेरही झाले आहेत. ‘असायलम’ नावाच्या पत्त्यांच्या कॅटसाठी २०१२ मध्ये किकस्टार्टरवर पैसे गोळा झाले, कॅट पोचले नाहीत, आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं ग्राहक कायद्याखाली दावा लावला. दुसऱ्या एका खेळासाठी एक लाख बावीस हजार डॉलर जमवून ते दुसरीकडेच खर्च केल्याबद्दल अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानं २०१५ मध्ये कारवाई केली.

आपल्याकडे पायऱ्या अशा:

- आधी लेखी मागणी, पावतीच्या प्रतीसह. व्हॉट्सॲपवर लिहिलं तरी स्क्रीनशॉट ठेवा.
- उत्तर नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५.
- मग जिल्हा ग्राहक आयोग. विकणारा कुठलाही असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे खापरकरांसाठी नंदुरबार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

तुमचा हिरो पत्त्यावर आला पण नाव गाळलं, तर ती तक्रार वेगळी. ती दुसऱ्या वहीतली. तिच्यासाठी तुमच्याकडे ती सही केलेली चिठ्ठी लागेल, म्हणून सही करताना एक प्रत स्वतःकडे मागून घ्या. झेरॉक्स नसेल तर मोबाईलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचा.